बेकन, एअर फ्रायर आणि वजनकाटा: रविवारच्या नोंदी

२७ एप्रिल २०२५, रविवार

ही वही का काढली ते आधी लिहितो. गेल्या रविवारी ईस्टर होता. चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळून झालेला, त्यामुळे चर्चमधल्या मिस्साहून आल्या आल्या मी कपडेही न बदलता तव्यावर बेकन, म्हणजे मिठात मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या, टाकलं. बायको शेजारच्या शेगडीवर चहा करत होती. बेकन तडतडलं आणि चरबीचा थेंब उडून तिच्या मनगटावर बसला. टपोरा फोड आला. भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर इतके ठिपके उडाले की एप्रिल महिन्यातून मे दिसायला लागला. दुपारी जेवताना तिने शांतपणे सांगितलं, "ह्यापुढे हे माझ्या गॅसवर नाही. तुझं डुक्कर, तुझी शेगडी."

शेगडी म्हणजे माळ्यावरचा एअर फ्रायर. नाताळात मेहुणीने कुवेतहून येताना आणलेला. ४.२ लिटर, १४०० वॅट, ८० ते २०० अंश. चार महिन्यांत त्यात दोनदा पापड भाजले आणि एकदा फ्रोझन फ्राइज. आज खाली उतरवून पुसून ठेवला.

वसईतल्या आमच्या नंदाखालला डुकराचं मटण नवलाचं नाही. लग्नात इंदियाल (डुकराचं मसालेदार मटण) नसेल तर वऱ्हाडी कुजबुजतात. बेकन मात्र घरात आलं ते पप्पांमुळे. त्यांनी २६ वर्षं मालवाहू बोटींवर कुकचं काम केलं. सुट्टीवर आले की रविवारी तव्यावर बेकन आणि अंडी व्हायचीच. आता ते ७४ वर्षांचे आहेत आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

मला काय हवं ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे नंतर स्वतःलाच फसवायला नको. पट्टी एका टोकाला धरली तर आडवी राहिली पाहिजे. दाताखाली पापडासारखी मोडली पाहिजे. काळी नको, कडू नको, घरात धूर नको.

४ मे, रविवार

शुक्रवारी ऑफिसातून निघताना वांद्र्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधून, म्हणजे मांसाच्या दुकानातून, पाकीट घेतलं. २५० ग्रॅम, ४०० रुपये, ११ पट्ट्या. पोटाकडच्या मांसाचं, लाल आणि पांढरे पट्टे असलेलं. इंग्लंडमध्ये बेकन म्हटलं की बहुतेक वेळा पाठीकडचं मांस समोर येतं, त्यात चरबी कमी. ते ह्या कामाचं नाही. कुरकुरीतपणा हवा तर पोटाचंच मांस. तीन वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं पाकीट विरार लोकलमध्ये मांडीवर घेऊन आलो. शेजारचा प्रवासी दोनदा विचारून गेला की मासे कुठले आणले.

पहिला प्रयत्न: ६ पट्ट्या, १३७ ग्रॅम, २०० अंश, १० मिनिटं. जाळीत सहा मावत नव्हत्या म्हणून एकमेकींवर थोड्या चढवल्या. खाली चरबी टिपायला टिश्यू पेपर घातला.

निकाल वाईट. वर असलेले भाग काळे पडले आणि जिथे पट्टीवर पट्टी होती तिथे मांस रबरासारखं राहिलं. एक पट्टी उडून वर गेली आणि कॉइलच्या जाळीला चिकटून जळली. टिश्यूचा कोपराही उचलला जाऊन तपकिरी झाला होता. तो वेळेवर दिसला, नाहीतर ह्या वहीचं दुसरं पान झालंच नसतं.

संध्याकाळी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. नावात 'फ्रायर' असलं तरी ह्यात तळणं काही नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली भोकांची जाळी आणि तिच्याखाली ड्रॉवर. पंखा गरम हवा खाली ढकलतो, ती जाळीच्या भोकांतून आणि बाजूंनी फिरून पुन्हा वर जाते. म्हणजे वारा सुटलेली छोटी भट्टी. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे आणलं तेव्हा कमी तेलात बटाट्याच्या फ्राइज हाच मुख्य मुद्दा होता. बटाटा उडत नाही. बेकन उडतं, आणि चरबी जाऊन हलकं झालं की शेवटच्या तीन मिनिटांत जास्तच उडतं. हवा जिथे पोचत नाही तिथे काहीच होत नाही, म्हणून पट्टीवर पट्टी बंद. एका वेळी चारच. कागद बंद.

८ मे, गुरुवार

उरलेल्या ५ पट्ट्या संपवायच्या होत्या, म्हणून रविवारची वाट पाहिली नाही. टीव्हीवर सगळीकडे सीमेवरच्याच बातम्या होत्या. पप्पा मात्र मोबाइलवर व्हॅटिकनचं धुराडं पाहत बसले होते, नवा पोप निवडला की त्यातून पांढरा धूर निघतो. ते दोन दिवस कॅमेऱ्यासमोर नुसतं उभं होतं. मधूनमधून एखादा सीगल येऊन बसायचा.

मी फ्रायर २०० वर लावला. पाचव्या मिनिटाला मागच्या झडपेतून निळसर धूर यायला लागला, सातव्या मिनिटाला स्वयंपाकघर भरलं. बायकोने खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडे एक शब्दही न बोलता पाहिलं. त्याच वेळी, साडेनऊच्या सुमारास, बाहेरच्या खोलीतून पप्पा ओरडले, "धूर आला! पांढरा, पांढरा!" मला वाटलं आमच्याबद्दलच बोलतायत. तासाभराने सज्ज्यात नवे पोप लिओ चौदावे दिसले. शिकागोत जन्मलेले. पप्पांना शिकागो म्हटलं की तिथले जुने कत्तलखाने आठवतात. म्हणाले, "माणूस बेकनच्या गावचा निघाला."

आता आमच्या धुराचं. कारण सापडलं. रविवारची चरबी ड्रॉवरच्या तळाशी तशीच थिजलेली होती. मी जाळी धुतली आणि ड्रॉवर नुसता पुसला होता. डुकराची चरबी १९० अंशांच्या आसपास धुरायला लागते. बेकनच्या चरबीत मीठ, साखर आणि मांसाचे कण मिसळलेले असतात, ती त्याहूनही आधी धुरते. मी तिच्यावर २०० अंशांचा वारा सोडला होता. दुसरं काय होणार?

बदल दोन: तापमान १८०, आणि ड्रॉवरच्या तळाशी तीन-चार चमचे पाणी. वरून पडणारी चरबी पाण्यात पडली की तिचं तापमान १०० च्या फार वर जाऊच शकत नाही.

११ मे, रविवार

आजचा दिवस महत्त्वाचा, म्हणून सावकाश लिहितो.

नवं पाकीट, त्याच दुकानाचं. ४ पट्ट्या, ९१ ग्रॅम. खाली पाणी. १८० अंश. आधी तापवलं नाही, थंड यंत्रातच पट्ट्या ठेवल्या. तव्यावर पप्पाही तसंच करायचे, थंड तव्यावर पट्ट्या मांडून मग गॅस पेटवायचा. चरबीला वितळून बाहेर यायला वेळ मिळतो आणि पट्टी आक्रसून वेडीवाकडी होत नाही.

अडचण अशी की आत काय चाललंय ते कळत नाही. ड्रॉवर ओढावा तर वारा थांबतो आणि उष्णता निघून जाते. तव्यावर डोळे असतात, कान असतात. इथे पंख्याच्या घरघरीत सगळं बुडतं.

आणि नेमकी आज बायको लोणी कढवत होती. मी फ्रायरजवळ घड्याळ घेऊन उभा, ती पाठमोरी भाजी चिरत होती. लोण्याकडे पाहतही नव्हती. आधी खदखद, मग बारीक तडतड, मग एकदम आवाज बसला. तिने तिथूनच हात लांब करून गॅस बंद केला. पातेल्याच्या तळाशी बेरी बदामी झालेली, तूप स्वच्छ. मी विचारलं कसं कळलं. "पाणी संपलं की गप्प होतं," ती म्हणाली आणि पुन्हा विळीकडे वळली.

मी डोक्याला हात लावला. बेकनचंही हेच असणार. जोपर्यंत पट्टीत पाणी आहे तोपर्यंत ती शंभर अंशांच्या आसपास अडकून राहते. मऊ, चिवट, गुलाबी. पाणी उडालं की तापमान वर सरकतं, १४० च्या पुढे मांस भराभर तांबूस व्हायला लागतं आणि मग खरपूस वास येतो. त्यानंतर करपायला फार वेळ लागत नाही. म्हणजे मला मिनिटं मोजायची नाहीत, गेलेलं पाणी आणि गेलेली चरबी मोजायची आहे. कानाने ऐकू येत नसेल तर काट्यावर.

केकसाठी आणलेला डिजिटल वजनकाटा काढला. ८ मिनिटांनी चारही पट्ट्या ४४ ग्रॅम. चिमट्यात धरल्या तर दोरीसारख्या लोंबल्या. साडेनऊ मिनिटांनी ३७ ग्रॅम. कडा तांबूस, मध्ये अजून वाकतात. साडेदहाला ३२ ग्रॅम. तरीही थोड्या वाकतच होत्या. माझा हात पुन्हा बटणाकडे गेला, पण पप्पा म्हणाले, "थांब जरा, श्वास घेऊ दे." जाळीवर दोन मिनिटं ठेवल्या. उरलेली चरबी थिजली आणि पट्ट्या आपोआप ताठ झाल्या. एक टोकाला धरली, आडवी राहिली. मोडली तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या मुलीने विचारलं काय मोडलं.

९१ चे ३२, म्हणजे ३५ टक्के.

उलट बाजू पाहायची म्हणून एकच पट्टी वेगळी, १२ मिनिटं. २३ ग्रॅमची ६ ग्रॅम झाली. रंग चांगला काळपट, बोटांत धरताच चुरा, जिभेवर कडू. कुत्र्याने खाल्ली.

उरलेल्या ६ पट्ट्या बटर पेपरमध्ये सुट्या सुट्या ठेवून फ्रीजरमध्ये.

१३ मे, मंगळवार

जाळी आणि ड्रॉवर: गरम पाणी, भांड्यांचा साबण, मऊ स्पंज. अर्धा तास भिजत ठेवलं की घासावं लागत नाही. तारेची घासणी लावली तर वरचा थर जाईल आणि मेहुणी विचारेल.

१८ मे, रविवार

सगळं तेच. पट्ट्या त्याच पाकिटातल्या (आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली काढून ठेवल्या), ४ पट्ट्या, ९२ ग्रॅम, १८० अंश, थंड सुरुवात, साडेदहा मिनिटं. बाहेर काढल्या तर लिबलिबीत. काट्यावर ४५ ग्रॅम. गेल्या रविवारचं यश तुक्का होता की काय?

फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर आकडा असतो, तो सहज दिसला: १९२ व्होल्ट. मे महिन्यातली सकाळ, वाडीतल्या प्रत्येक घरात एसी आणि प्रत्येक विहिरीवर पंप. आमच्याकडे उन्हाळ्यात हे नेहमीचंच. बल्ब पिवळे पडतात, मिक्सर कण्हतो.

हिशोब केला. कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे १९२ झाले तर व्होल्टेज सतरा टक्क्यांच्या आसपासच कमी होतं, पण शक्ती ७० टक्क्यांवर येते. १४०० वॅटचं यंत्र जेमतेम ९७५ वॅटवर चाललं. एकदा तापलं की थर्मोस्टॅट सांभाळून घेतो, पण थंड सुरुवातीत तापायलाच जास्त वेळ गेला आणि तो वेळ मी बेकन भाजण्यात धरला. आणखी चार मिनिटं दिली, ३३ ग्रॅमवर काढल्या. उत्तम झाल्या.

पाककृतीत 'दहा मिनिटं' लिहिणाऱ्यांच्या घरी वीज बरी असावी.

२५ मे, रविवार

वांद्र्याला जाणं झालं नाही. जवळच्या एका दुकानातून पाकीट घेतलं, २५० ग्रॅम ३३० रुपयांना. सत्तर रुपये वाचवल्याचा आनंद सकाळपर्यंत टिकला.

४ पट्ट्या, बरोबर १०० ग्रॅम. पाचव्या मिनिटाला ड्रॉवर उघडला तर पट्ट्यांवर पांढरा फेस आणि जाळीवर खरकट्यासारखा चिकट थर. हे बेकन पाणी पाजलेलं होतं. पारंपरिक पद्धतीत मांसाला मीठ, साखर चोळून ते दिवसेंदिवस मुरू देतात, त्यात वजन घटतं. कारखान्यात सुयांनी मिठाचं पाणी थेट मांसात टोचतात. काम लवकर होतं. पाणी जास्त राहिलं तर वजनही भरतं. भाजताना ते पाणी मांसातली प्रथिनं घेऊन बाहेर येतं, तोच पांढरा फेस.

३५ ग्रॅमवर काढून पाहिल्या तर अजून चिवट. शेवटी २७ ग्रॅमवर कुरकुरीत झाल्या. म्हणजे माझे ३५ टक्के हा वेदवाक्यासारखा आकडा नाही, त्या एका पाकिटाचा आकडा आहे. नवं दुकान, नवा आकडा. पहिल्यांदा काट्यावर काढायचा आणि पाकिटाच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवायचा.

आता पैशाचं. वांद्र्याच्या २५० ग्रॅममधून खाण्याजोगं साधारण ८७ ग्रॅम मिळतं, ह्यातून ६७. एका ग्रॅमला तिथे साडेचार रुपयांच्या थोडं वर, इथे जवळजवळ पाच. स्वस्त पाकीट महाग पडलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, कोळंबीचंही असंच असतं, बर्फासकट तोलतात.

घट होते म्हणून वाईट वाटायचं मात्र कारण नाही. अमेरिकेत 'शिजवलेलं बेकन' असं लेबल लावायचं तर कच्च्याच्या ४० टक्क्यांहून जास्त वजन उरता कामा नये, असा तिथल्या कृषी खात्याचा नियमच आहे. साठ टक्के गेलंच पाहिजे.

२६ मे, सोमवार

पाऊस. मुंबईत आज मान्सून पोचल्याचं वेधशाळेने जाहीर केलं, ७५ वर्षांत इतक्या लवकर आला नव्हता. अंगणातली लाकडं भिजली. सुकवत टाकलेले बोंबील शेजारणीने धावत उचलले.

१ जून, रविवार

पावसाने नवं दुखणं आणलं. पट्ट्या वजनाप्रमाणे अगदी नीट निघाल्या, मोडल्याचा आवाज आला, आणि पप्पा अंघोळ करून येईपर्यंत सादळल्या. वीस मिनिटं फक्त.

पुन्हा केल्या, ह्या वेळी मोजून. दोन पट्ट्या उघड्या ताटलीत, दोन स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. दोन्हीकडे १६ ग्रॅम. वीस मिनिटांनी उघड्या १७ ग्रॅम, वाकणाऱ्या. डब्यातल्या १६ च, पण त्याही पूर्वीइतक्या कडक नाहीत. गरम गरमच झाकण लावलं होतं, त्यांची वाफ त्यांनाच लागली.

ह्यात बेकनचा दोष नाही, मिठाचा आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. म्हणून तर जूनपासून आमच्याकडे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे पडतात. वसईत पावसाळ्यात आर्द्रता ९० च्या घरात असते. बेकन म्हणजे चरबीत गुंडाळलेलं मीठच, ते कोरडं कसं राहील?

तिसऱ्या खेपेला आधी जाळीवर पाच मिनिटं पूर्ण गार केल्या, मग डब्यात. तासभर टिकल्या. आणि सादळलेल्या दोन पुन्हा फ्रायरमध्ये १६० वर दीड मिनिट टाकल्या तर परत जिवंत झाल्या. पापड जसा पुन्हा विस्तवावर धरतो तसं.

पावसाळ्यापुरता क्रम बदलला: आधी अंडी, पाव, चहा टेबलावर, माणसं खुर्चीत. मग बेकन.

८ जून, पेन्टेकॉस्ट रविवार

पवित्र आत्म्याचा सण. मिस्सानंतर धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं न्याहारीला. आम्ही चौघं. १६ पट्ट्या, म्हणजे चार घाणे.

पहिला घाणा ११ मिनिटं. दुसरा आठ मिनिटांतच झाला, कारण यंत्र तापलेलं. मी तो अकरापर्यंत ठेवायच्या बेतात होतो, वहिनीला वास आला म्हणून वाचलो. तिसऱ्याला पुन्हा धूर, कारण ड्रॉवरमधलं पाणी उडून गेलं होतं आणि चरबी बोटभर साठली होती. यंत्र बंद करून चरबी वाटीत ओतली, नवं पाणी घातलं. तोवर पहिला घाणा सादळलेला. मुलं पाव नुसता खाऊन मोकळी.

चौथ्या घाण्याला अक्कल आली. सगळे घाणे थोडे कच्चे, वाकतील असे काढायचे आणि शेवटी सगळ्या पट्ट्या एकदम आत टाकून दोन-अडीच मिनिटं. तेव्हा त्या आक्रसलेल्या असतात, त्यामुळे सोळाही मावतात. एकमेकींना टेकल्या तरी चालतं, आतलं पाणी आधीच गेलेलं असतं. त्यांच्यावर स्टीलची छोटी जाळी उलटी ठेवली की उडत नाहीत.

हे सगळं चालू असताना पप्पा पाव खात बसले होते. खाऊन झाल्यावर म्हणाले, "बोटीवर चोवीस माणसं असायची. तव्यावर कोण भाजत बसतो? ट्रेमध्ये मांडायचं, ओव्हनमध्ये सारायचं. हे तुझं यंत्र म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं पिल्लू."

सहा आठवडे मी जे शोधत होतो ते ह्या माणसाला २६ वर्षं माहीत होतं. मी म्हटलं, मग घरी तव्यावर का करायचात? "घरी ओव्हन कुठे होता?"

१५ जून, रविवार

आज केलं नाही. पप्पांचं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. घरातल्या सगळ्यांसाठीच एकदा नीट वाचून काढलं.

बेकनचा गुलाबी रंग नायट्राइटमुळे, म्हणजे मुरवताना घालतात त्या क्षारामुळे. ते नसेल तर मांस भाजल्यावर राखाडी होतं, आणि बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू रोखण्याचं कामही तेच करतं. पण जास्त उष्णतेत त्यातून नायट्रोसमाइन नावाची घातक संयुगं तयार होतात. पट्टी जितकी करपवाल तितकी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांचं गणित. आमचं रोज नाही, रविवारी दोन पट्ट्या. तरीही एअर फ्रायरमध्ये केलं म्हणजे 'हेल्दी' झालं, असं मेहुणी फोनवर म्हणते ते खरं नाही. चरबी तव्यावरही सुटते आणि इथेही सुटते. मीठ आणि नायट्राइट पट्टीतच राहतात.

पप्पांना आता महिन्यातून एकदा, एक पट्टी. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाड का पातळ?"

२२ जून, रविवार

चरबीचा हिशोब. ४ पट्ट्या, ९२ ग्रॅमच्या ३२. ड्रॉवरमधलं पाणी आणि चरबी वाटीत ओतून फ्रीजमध्ये ठेवली. दुपारी वर पांढरी चकती जमली होती, सुरीने उचलली, खालचं गढूळ पाणी झाडाला नको म्हणून कचऱ्याच्या डब्यात टिश्यूत. चकती २२ ग्रॅम. म्हणजे गेलेल्या ६० ग्रॅमपैकी बहुतेक पाणीच.

मोरीत ओतायची नाही, पाइपात थिजून बसते. गेल्या वर्षी प्लंबरने पाइपातून मेणबत्तीसारखा तुकडा काढून दाखवला होता.

ह्या चकतीवर कालचा भात, उभा चिरलेला कांदा, दोन मिरच्या आणि अर्धा चमचा बॉटल मसाला (आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा तिखट मसाला). मीठ घातलं नाही, गरजच नव्हती. तवा गॅसवरच होता. बायकोनेच ठेवला होता. मी त्याबद्दल बोललो नाही.

२९ जून, रविवार

बरेच दिवस डोक्यात होतं. परदेशात खजूर किंवा सुके प्लम बेकनमध्ये गुंडाळून भाजतात, गोड आणि खारट एकत्र. आमच्या शेजारी आगाशीची सुकेळी असताना खजूर कशाला? राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली, मधासारखा रंग, चिवट, आत दाट गोडी. शेवटी तीही पाणी काढूनच टिकतात, बेकनची लांबची नातेवाईक.

चार सुकेळी, प्रत्येकीचे दोन तुकडे. प्रत्येक तुकड्याभोवती अर्धी पट्टी, टूथपिक टोचून. १८० अंश, १० मिनिटं.

सुकेळ्याची टोकं कोळसा, साखर ओघळून जाळीला डांबरासारखी चिकटली, आणि बेकन आत केळ्याला लागून पांढरंच. साखर बेकनच्या कितीतरी आधी करपते. मधात मुरवलेलं बेकनही म्हणूनच लवकर काळं पडतं. जाळी दोन तास भिजत आहे.

६ जुलै, रविवार

बाहेर धो धो. व्होल्टेज २२६, आज बरं.

अर्ध्या पट्ट्या आधी एकट्याच १८० वर चार मिनिटं. बरीच चरबी गेली, पण गुंडाळता येतील इतक्या मऊ. थोड्या गार करून सुकेळ्याच्या तुकड्याभोवती, टोकं झाकली जातील अशा. सांधा खाली, टूथपिक पाण्यात भिजवलेल्या, म्हणजे त्या जळत नाहीत. १७० अंश, सहा मिनिटं. मग जाळीवर तीन मिनिटं, इथे घाई केली तर केळ्याचा पाक जीभ भाजतो.

बाहेरून कडक, दाताखाली मोडतात, आत मऊ आणि जवळजवळ सुधारसासारखं. मिरपूड टाकून पाहिली, नको. लिंबाचे दोन थेंब टाकले, हवेत. मुलीने टूथपिक मोजून सांगितलं की पप्पांनी तीन खाल्ले. पप्पांचं म्हणणं, अर्धी पट्टी म्हणजे पट्टी नव्हे, आणि तीन अर्ध्या म्हणजे दीड, त्यातली एक ह्या महिन्याची आणि अर्धी उधार.

फ्रीजरमध्ये पाच पट्ट्या शिल्लक, सुकेळ्यांचा एक पुडा. पुढचं पाकीट ह्याच महिन्यात आणून ठेवायला हवं. श्रावण आम्हाला लागू नाही, पण कोल्ड स्टोरेजवाल्याचं बरंचसं गिऱ्हाईक त्या महिन्यात फिरकत नाही, आणि तो मालच कमी मागवतो.